नेटवर्क तपासणारा पार्टनर असा शोधा जो 'इथे आत्ता फोन लावू नका' म्हणू शकेल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकमध्ये तुम्ही दोघं भाऊ क्लाउड पीबीएक्स (इंटरनेटवरून चालणारं ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) आणि आयपी फोन विकता, ग्राहक २० ते ६० फोनवाले, म्हणजे दवाखाने, सीए ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले, सिन्नर-अंबडचे छोटे कारखाने. विक्री होते, फोन लागतात आणि पंधरा दिवसांत 'आवाज तुटतोय' सुरू होतं. बघायला गेलं की तुमची सिस्टीम ठीक असते, गडबड ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये असते, पण ते तपासायला तुमच्याकडे माणूस नाही. म्हणून विक्रीच्या आधी ग्राहकाचं नेटवर्क तपासून देणारा आयटी पार्टनर हवाय, तो कुठे शोधायचा, कसा पारखायचा आणि पैशाचं कसं करायचं.

मी पुण्यात याच कामात १७ वर्षं आहे, सुरुवात ॲनालॉग ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजपासून झाली, तेव्हा प्रत्येक फोनला स्वतःची तांब्याची जोडी असायची, एक्स्टेंशन खरखरलं की ती जोडी शोधायची, नवीन पंच करायची, काम झालं. आता आवाज त्याच केबलमधून जातो जिथून टॅली जातं, कॅमेरे जातात, अकाउंट्सच्या पोरांचे बॅकअप जातात. म्हणजे तुमच्या मालाची क्वालिटी दुसऱ्याच्या घरच्या वस्तूवर अवलंबून आहे, त्यामुळे पार्टनर ही तुमच्यासाठी हौस नाहीये, गरज आहे, आणि तुम्ही योग्य वेळी विचारताय. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मी ती चुकलो आणि ती चूक मला महागात पडली. पहिल्या पार्टनरला मी डीलमागे कमिशन देत होतो. जवळजवळ वर्षभर त्याने रिपोर्ट दिले आणि त्यात एकाही रिपोर्टमध्ये 'नेटवर्क तयार नाही' असं लिहिलेलं नव्हतं. कसं लिहील? 'तयार नाही' लिहिलं तर डील थांबणार आणि त्यालाच पैसे मिळणार नव्हते. माणूस वाईट नव्हता, मीच त्याला तसं बांधून ठेवलं होतं.

सांगलीच्या एका डायग्नोस्टिक सेंटरचं सांगतो म्हणजे लक्षात येईल. २४ फोन, त्याच पार्टनरचा रिपोर्ट, 'लाइन १०० एमबीपीएस, स्पीड टेस्ट ओके, नेटवर्क रेडी'. फोन लागले आणि पहिल्याच आठवड्यात रिसेप्शनच्या ताईंचा फोन, की पेशंटचं नाव नीट ऐकू येत नाही, तीन-तीनदा विचारावं लागतं, माणूस आधीच आजारी असतो तो चिडतो आणि मग ताईंवर ओरडतो. मी तीन वेळा माणूस पाठवला, पुण्याहून निघून तो पोचायचा संध्याकाळी, आणि संध्याकाळी सगळं छान. चौथ्या वेळी मी दुसऱ्याच एकाला घेऊन गेलो, तो आधी एका इंटरनेट कंपनीच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये, रात्रपाळ्या केलेला, आता स्वतःचं छोटं एएमसीचं (वार्षिक देखभालीचं) काम करतो. आम्ही आदल्या रात्री मुक्काम केला. सकाळी पावणेदहाला तो रिसेप्शनच्या मागे स्टुलावर बसला, लॅपटॉपवर तीन पिंग (उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजणारी तपासणी) चालू केले, एक त्यांच्या राउटरला, एक इंटरनेट कंपनीच्या पहिल्या गेटवेला, एक आपल्या एसआयपी म्हणजे कॉल जोडणाऱ्या सर्व्हरला, आणि मग काहीच केलं नाही. चहा आला तो घेतला. मला वाटलं हा काय करतोय. ११ वाजून १० मिनिटांनी राउटरचा पिंग जिथल्या तिथे, १ मिलिसेकंद, आणि बाकीचे दोन्ही ९ वरून ४०० च्या वर. त्याने घड्याळ बघितलं, उठला, सरळ आत सीटीच्या खोलीत गेला आणि टेक्निशियनला विचारलं, "आत्ता काय केलंत?" तो म्हणाला, "काही नाही, सरांना स्कॅन पाठवला."

स्कॅन रिपोर्टिंगसाठी दुसऱ्या शहरातल्या रेडिओलॉजिस्टकडे जायचा. एक स्टडी ५०० एमबीच्या आसपास, आणि १०० एमबीपीएस जे काय होतं ते डाउनलोड होतं, अपलोड फक्त २०. ५०० एमबी म्हणजे ४००० मेगाबिट, भागिले २०, म्हणजे २०० सेकंद. सव्वातीन-साडेतीन मिनिटं ती लाइन गच्च भरायची आणि आवाजाचं प्रत्येक पॅकेट राउटरच्या पुढे, इंटरनेट कंपनीच्या बाजूला, स्कॅनच्या मागे रांगेत उभं राहायचं. दिवसात दहा-बारा स्कॅन, सगळे ११ ते ४ मध्ये. संध्याकाळी गेलेल्या माणसाला काय दिसणार? उपाय काय केला तर राउटरमध्ये अपलोड १८ वर बांधलं, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्ये लागेल आणि तिथे आवाजाला पुढे काढता येईल, फोनच्या पॅकेटला डीएससीपी ४६ ची, म्हणजे 'हा आवाज आहे' अशी, खूण होतीच, तिला पहिला नंबर दिला. एक रुपयाचं नवीन सामान लागलं नाही. ताईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज केला, आज एकदाही परत विचारावं लागलं नाही. तो स्टुलावर बसलेला माणूस आजही माझा पार्टनर आहे.

म्हणून पार्टनर पारखताना सर्टिफिकेट मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पहिलं बघतो की हा गर्दीच्या वेळी जाऊन बसतो का. सीए ऑफिस असेल तर महिन्याच्या ११ किंवा २० तारखेला जायला हवं, जीएसटीआर १ आणि ३बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, कारण त्या दिवशी पोर्टलवर सगळे तुटून पडलेले असतात आणि फोनही त्याच दिवशी सगळ्यात जास्त वाजतात. ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाड्या लोड होतात त्या वेळी. कारखान्यात शिफ्ट बदलताना, आणि हो, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तर मुळीच नाही, आमच्याकडे भोसरी-चाकणला गुरुवारी सुट्टी असते आणि मी एकाला गुरुवारी तपासणी करून आलेला बघितलाय, रिपोर्ट अर्थातच एकदम स्वच्छ.

दुसरं, स्पीड टेस्टचा फोटो हा ज्याचा मुख्य पुरावा आहे त्याला सोडून द्या. हिशोब बघा, जी ७११ कोडेक (आवाजाचा डेटा बनवायची पद्धत) धरला तर एक कॉल एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस खातो, ६४ केबीपीएस आवाज आणि बाकी हेडर म्हणजे पॅकेटवरचा पत्ता वगैरे, कारण सेकंदाला ५० पॅकेट जातात आणि प्रत्येकाला स्वतःचं हेडर. तुमचा सगळ्यात मोठा ग्राहक ६० फोनचा, एका वेळी २० कॉल चालू धरा, झाले पावणेदोन एमबीपीएस. एवढं आजकाल कुठल्याही लाइनवर असतं. म्हणजे प्रश्न रुंदीचा जवळजवळ कधीच नसतो, पॅकेट वेळेवर आणि सारख्या अंतराने पोचतात का हा असतो. आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जी ११४ या शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलंय, जिटर म्हणजे त्या अंतरातला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत आणि लॉस म्हणजे हरवलेली पॅकेट १ टक्क्याच्या आत हे आपल्या धंद्यात सगळे धरतात. हे तिन्ही आकडे दिवसभराच्या ग्राफमध्ये दिसले पाहिजेत, सरासरीत नाही. दिवसाची सरासरी लॉस ०.३ टक्के असू शकते आणि त्यातच त्या साडेतीन मिनिटांत २० टक्के गेलेला असू शकतो, सरासरीने सगळं झाकलं जातं.

आता असा माणूस सापडतो कुठे. मोठ्या सिस्टीम इंटिग्रेटरकडे जाऊ नका, तुमचं ३० फोनचं काम त्यांच्या यादीत सगळ्यात खाली असतं, येईल तो महिनाभर आधी लागलेला पोरगा. सीसीटीव्ही-केबलिंगवाले हाताने चांगले असतात, खिळ्या-मोळ्याचं, डक्टचं काम त्यांच्यासारखं कोणी करत नाही, पण बहुतेकांचा नेटवर्कशी संबंध लिंकचा लाइट लागेपर्यंतच. मला जे चांगले मिळाले ते दोन ठिकाणी मिळाले. एक, १५-२० ऑफिसांची एएमसी सांभाळणारे दोन-चार माणसांचे सेटअप, ज्यात मालक स्वतः अजून लॅपटॉप उघडतो. त्याला छोट्या ऑफिसची नस माहीत असते, की सर्व्हर टेबलाखाली असतो, पासवर्ड जुन्या माणसाबरोबर गेलेला असतो, स्विच देवघराच्या फळीवर असतो. दोन, इंटरनेट कंपन्यांमध्ये पाच-सात वर्षं काढून स्वतःचं काही सुरू केलेले लोक, लास्ट माइल म्हणजे ग्राहकाच्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पा काय असतो ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. यांना शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग तुमच्या हातात आहे. तुमच्या जुन्या ग्राहकांच्या यादीत असे चार-पाच जण असतील जिथे कधीच तक्रार आली नाही. त्यांच्याकडे जा आणि विचारा तुमचं नेटवर्क कोण बघतं. ज्याने तुमच्या नकळत तुमचं काम सोपं करून ठेवलंय तो माणूस त्या नावांमध्ये असतो. शिवाय शहरातल्या कॉम्प्युटर डीलर असोसिएशनच्या मीटिंगला एकदा जा, फायरवॉल विकणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या सपोर्टच्या पोराला विचारा की डोकं लावून प्रश्न कोण विचारतं, ते लोक लगेच दोन नावं सांगतात. नाशिकला एक आणि जळगाव-धुळ्यासाठी वेगळा एक ठेवा, नाशिकचा माणूस सकाळी १० ला धुळ्यात बसलेला असणं रोज शक्य नाही.

बोलणीत मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, कॉल लागतो, दोन्हीकडून ऐकू येतं आणि बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो, काय बघाल? ज्याला एसआयपी माहीत आहे तो म्हणेल की फोन उचलल्याचा मेसेज गेला पण त्याची पोच म्हणजे एसीके परत आली नाही, समोरचा ३२ सेकंद वाट बघून कॉल बंद करतो, म्हणजे नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारी राउटरची सोय) किंवा राउटरचं एसआयपी एएलजी (कॉलच्या मेसेजमधले पत्ते मध्येच बदलणारी सोय) पत्ते बिघडवतंय. दुसरा, कॉल बरोबर १५ मिनिटांनी तुटतो. इथे सेशन टायमर, म्हणजे कॉल चालू आहे का ते ठराविक वेळाने तपासणारी व्यवस्था, ठरलेला काळ १८०० सेकंदांचा असतो आणि त्याच्या अर्ध्यात नूतनीकरणाचा मेसेज जातो, तो कुठेतरी अडतोय. तिसरा, एका बाजूचाच आवाज येतो. इथे आरटीपीचे (आवाजाची पॅकेट वाहणाऱ्या प्रोटोकॉलचे) पोर्ट, डबल नॅट, परत एएलजी. उत्तर पाठ असलंच पाहिजे असं नाही. 'मी पॅकेट पकडून बघेन, मेसेज कुठपर्यंत जातोय ते शोधेन' असं जो म्हणेल तो मला चालतो. 'राउटर बदलून बघू' म्हणणारा चालत नाही, कारण तो ग्राहकाचे पैसे अंदाजावर घालवणार.

आणि मग एक परीक्षा, पैसे देऊन. स्वतःच्या ऑफिसात मुद्दाम तीन दोष करून ठेवा. राउटरमध्ये एसआयपी एएलजी चालू करा. एक जुना घरगुती वायफाय राउटर त्याच्या लॅन पोर्टने स्विचला जोडून कपाटामागे ठेवा, म्हणजे नेटवर्कात दोन डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारे सर्व्हर होतात आणि अर्धे फोन भलताच पत्ता घेतात. एका पीसीवरून दर अर्ध्या तासाने मोठी फाइल अपलोड होईल असं लावा. मग उमेदवाराला बोलवा, तीन तास द्या, एका भेटीची पूर्ण फी द्या आणि रिपोर्ट मागा. तिन्ही सापडलेच पाहिजेत अशी माझी अट नसते. काय सापडलं, कसं सापडलं आणि काय तपासायचं राहून गेलं हे त्याने साध्या मराठीत लिहिलं का ते बघतो. राहिलेलं लिहिणारा माणूस सोन्यासारखा आहे, मला १७ वर्षांत असे चारच भेटले.

प्रत्यक्ष साइटवर त्याने काय काय बघायला हवं हे तुम्हालाही माहीत असू द्या, नाहीतर रिपोर्ट वाचताच येणार नाही. इंटरनेट कंपनीचा डबा आणि ऑफिसचा राउटर दोन्ही नॅट करतायत का, लाइनला स्वतःचा पब्लिक आयपी आहे की सीजीनॅटच्या मागे, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच पत्ता, अशी आहे, एएलजी बंद करता येतं का (मायक्रोटिक राउटरमध्ये ते फायरवॉलच्या सर्व्हिस पोर्ट्समध्ये सापडतं, फोर्टिगेट फायरवॉलमध्ये सेशन हेल्पर आणि व्हॉइप प्रोफाइल अशा दोन जागा बघाव्या लागतात, इंटरनेट कंपनीच्या डब्यात कधी कधी तो पर्यायच दिसत नाही आणि मग तो ब्रिज मोडला, म्हणजे नुसता लाइन पुढे देणारा करून, टाकून घ्यावा लागतो). स्विच मॅनेज्ड म्हणजे सेटिंग बदलता येणारा आहे का, फोनसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच केबलवर स्वतंत्र नेटवर्क) करता येईल का. डीएचसीपीचा पूल किती, कारण १०० पत्त्यांचा पूल आणि ८० डिव्हाइस आधीच असतील तर तुमचे ४० फोन कुठे बसणार. फोनच्या मागून पीसी जोडणार असाल तर फोनचा पोर्ट गिगाबिट आहे का, स्वस्त फोनमध्ये तो १०० चाच असतो आणि मग अकाउंट्सवाला म्हणतो तुम्ही आल्यापासून टॅली स्लो झालं, आणि तो खरं बोलत असतो. वायफायवर सॉफ्टफोन चालवणार असतील तर फोन हातात घेऊन प्रत्येक खोलीत चालत सिग्नल मोजायचा, उणे ६७ डीबीएमपेक्षा कमजोर झाला की तिथे मी वायफायवर बोलायचं वचन देत नाही.

केबलवर जरा जास्त बोलतो कारण तिथे आपल्याकडे फार फसवणूक चालते. बाजारात कॅट ६ म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्त केबल आतून ॲल्युमिनियमची असते, वरून नुसता तांब्याचा मुलामा. डेटा त्यावर चालून जातो म्हणून कोणाला कळत नाही, पण फोनला पीओईने, म्हणजे त्याच नेटवर्क केबलमधून, वीज द्यायला लागलो की रेझिस्टन्स जास्त म्हणून लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं, केबल गरम होते, फोन मध्येच रीस्टार्ट होतात. माझा पार्टनर प्रत्येक साइटवर सिलिंगची एक टाइल वर करतो, केबलचं सुटं टोक शोधतो आणि चाकूने तार खरवडतो. आतून लाल निघाली तर ठीक, पांढरी चमकली तर रिपोर्टमध्ये फोटोसकट जातं. दोन मिनिटांचं काम आहे, पण शिडीवर चढावं लागतं, आणि शिडी मागणारा आयटीवाला दिसला की मला बरं वाटतं.

विजेचं पण. सिन्नरसारख्या ठिकाणी तुम्हाला वेगळं सांगायला नको. पीओई स्विच यूपीएसवर घेतात, राउटर घेतात, आणि फायबरचा ओएनटी, म्हणजे इंटरनेट कंपनीचा डबा, राहून जातो. एका कारखान्यात तो गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये होता, पंख्याच्या बोर्डावर लावलेला, लाइट गेली की आत सगळं चालू आणि फोन बंद. ते शोधायला केबलचा माग काढत गेटपर्यंत चालत जावं लागलं, बस एवढंच.

आता नाजूक भाग. ग्राहकाकडे आधीच कोणीतरी आयटी बघणारा असतो, बहुतेक वेळा मालकाच्या ओळखीतला, दहा वर्षांपासूनचा. तुमचा पार्टनर दारात आला की त्याला वाटतं आपलं काम गेलं, आणि मग पासवर्ड सापडत नाहीत, तो 'बाहेरगावी' असतो. यात त्याची चूक मी मानत नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. मी पहिला फोन मालकाला नाही, त्याला करतो. "दादा, तुमच्या नेटवर्कवर आमचे फोन बसवायचेत, आमचा माणूस तुमच्यासोबत बसेल, जे काही निघेल ते आधी तुम्हाला दाखवेल, दुरुस्ती तुम्हीच करायची." आणि शब्द पाळतो. रिपोर्ट मालकाकडे जायच्या एक दिवस आधी त्याच्याकडे जातो. पार्टनरशी करारातच लिहून घ्या की तपासणीला गेलेल्या ठिकाणी एक वर्ष तो एएमसी मागणार नाही, कॅमेरे विकणार नाही, ग्राहकाने स्वतःहून मागितलं तरी आधी तुम्हाला सांगेल. नाशिक काय नि पुणे काय, आयटीवाले एकमेकांना ओळखतात, एका ठिकाणी काम हिसकावलं की पुढच्या पाच ठिकाणी दार उघडत नाही.

यातूनच पुढचा मुद्दा, की जो दोष सांगतो तोच स्विच विकत असेल तर? मी पूर्ण बंदी घालत नाही, छोट्या गावात तेवढे वेगवेगळे लोक मिळतच नाहीत. पण रिपोर्टमध्ये फक्त गरज लिहायची, '२४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, ८०२.३ एएफ (स्टँडर्ड) पीओई, सगळे फोन मिळून २०० वॉट', ब्रँड नाही, किंमत नाही. कोटेशन वेगळं, आणि ग्राहकाने ते कुठूनही घ्यावं. रिपोर्ट मी एका पानाच्या वर जाऊ देत नाही, ग्राफ मागे जोडायचे. वरच्या ओळीत तीनपैकी एकच वाक्य, आज लावता येतील, किंवा अमुक केल्यावर लावता येतील, किंवा आत्ता लावू नका. खाली तारीख, वेळ किती ते किती बसलो, त्या दिवशी किती डिव्हाइस जोडलेली होती. हे शेवटचं फार उपयोगी पडतं, तीन महिन्यांनी ग्राहक बारा कॅमेरे क्लाउडवर टाकतो आणि फोन तुम्हाला करतो, तेव्हा जुना कागद समोर ठेवून शांतपणे बोलता येतं, भांडण होत नाही.

पैसे. तपासणीची फी ठरलेली ठेवा आणि ती निकालावर अवलंबून नको, हो म्हटलं काय नाही म्हटलं काय तेवढीच. मी ४० फोनपर्यंतच्या एका साइटचे साडेसात हजार आणि जीएसटी देतो, त्याच्या वर किंवा दोन मजले असतील तर बारा, प्रवास वेगळा. ग्राहकाकडून तेवढेच घेतो आणि तीन महिन्यांत ऑर्डर आली तर पहिल्या बिलातून वजा करतो. फुकट तपासणीला सेल्सची भेट समजतात, सर्व्हर रूमची किल्लीसुद्धा कोणी आणून देत नाही, पैसे दिले की मालक स्वतः किल्ली घेऊन उभा राहतो. फी ऐकून पाठ फिरवणारे असतील दहातले दोन-तीन, पण माझ्या अनुभवात तेच ग्राहक नंतर सगळ्यात जास्त तक्रारी करणारे निघतात, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. पार्टनरचं पेमेंट अडकवू नका. तो सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर कायद्यानेच ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, मी पंधरा दिवसांत देतो, कारण ज्याचे पैसे थकलेत तो माणूस शिडी चढत नाही.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात ती म्हणजे ग्राहकाची लेखी परवानगी. तुमचा पार्टनर स्विचवर पोर्ट मिरर करून (त्या पोर्टच्या पॅकेटची प्रत घेऊन) वायरशार्क या सॉफ्टवेअरने पॅकेट पकडणार, आणि आवाज एन्क्रिप्ट नसेल तर वायरशार्कमध्ये तो चक्क ऐकता येतो. दवाखान्यात पेशंटचं बोलणं आहे, सीएकडे लोकांचे हिशोब आहेत. जिटर आणि लॉस मोजायला आवाज लागतच नाही, इथरनेट, आयपी, यूडीपी आणि आरटीपीची हेडर मिळून ५४ बाइट होतात, व्हीलॅनचा टॅग असेल तर ५८, आरटीपीसाठी कॅप्चर तेवढ्यावर कापायचा म्हणजे बोलणं फाइलमध्ये येतच नाही. एसआयपीचे मेसेज मात्र पूर्ण हवेत, त्यात फोन नंबर असतात, म्हणून त्या फाइली ३० दिवसांत पुसल्या जातील असं करारात लिहा आणि पुसल्याचा मेल मागा. ज्या पार्टनरला हे सांगितल्यावर 'एवढं काय त्यात' वाटतं त्याला मी दवाखान्यात पाठवत नाही. आणि कोणी सुचवलं की ट्रंकऐवजी, म्हणजे ऑपरेटरच्या बाहेरच्या फोन लाइनऐवजी, सिमकार्डांचा गेटवे लावू, स्वस्त पडेल, तर तिथेच बोलणं थांबवा. ट्रंक लायसन्सवाल्या ऑपरेटरकडूनच घ्यायची, नाहीतर अनधिकृत एक्स्चेंज चालवल्याच्या केसमध्ये ग्राहकासोबत तुमचंही नाव येतं.

पहिला फोन मात्र कायम तुम्हीच घ्या. आवाज तुटला की ग्राहकाने पार्टनरला शोधायचं नाही, तुमचा नंबर लावायचा, आणि तुम्ही पार्टनरला. उलटं झालं की दोन महिन्यांत ग्राहक म्हणतो हे एकमेकांकडे बोट दाखवतात.

सुरुवात नवीन ग्राहकापासून करू नका. तुम्ही लिहिलंय की सध्या तीन जण तक्रार करतायत, त्यातला तो नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा ट्रान्सपोर्टवाला घ्या, कारण त्याचा आवाज रोज संध्याकाळी ६ ते ७ मध्येच तुटतो असं तो स्वतःच सांगतोय, म्हणजे कारण ठराविक वेळेचं आहे आणि एका भेटीत सापडण्यासारखं आहे. दोन उमेदवार निवडा, एकाला सोमवारी आणि एकाला मंगळवारी तिथे ५ पासून ८ पर्यंत बसवा, दोघांनाही फी द्या, एकमेकांचं नाव सांगू नका. तुम्ही स्वतः दोन्ही दिवस तिथे थांबा. मला विचाराल तर बिल्टीचे स्कॅन मुख्य ऑफिसला त्याच वेळी चढत असावेत, पण ते मी पुण्यात बसून म्हणतोय. दोघांचे रिपोर्ट आले की फोन नंबर खोडून, ग्राहकाचं नाव खोडून मला पाठवा, मी वाचून सांगतो कोणाबरोबर जायचं.